फरक शून्य

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘चावीवाला’ म्हणायचे. प्रोग्राममध्ये दोन याद्या जुळवायच्या म्हटलं, की हा फक्त त्यांच्या ‘की’ तपासायचा. की म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. डब्यात काय भरलंय ते बघायला स्वारी तयार नसे. “चिठ्ठ्या जुळल्या ना? मग फरक शून्य,” असं म्हणून चहाला निघायचा. प्रोग्राममधली त्याची ती ओळ तपासून पास करणारा मीच. आळस माझाही होताच.

हीच ओळ त्याने घरी नेली. मोबाइलमधली आणि कॉम्प्युटरवरची फोन नंबरांची यादी दर रविवारी ताडून पाहायची, एकीकडे नसलेलं नाव दुसरीकडून आणायचं.

आईचं शिलाई मशीन याने न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं, त्यावरून मोठ्या बहिणीशी बिनसलं. निघताना तिने त्याच्या मोबाइलमध्ये ‘ताई’पुढे स्वतः आपला नवा नंबर घातला. म्हणाली, “आता मी नाही करणार फोन. तूच करायचास.”

रविवारी ‘ताई’ दोन्हीकडे सापडली. फरक शून्य. कॉम्प्युटरवर जुनाच नंबर राहिला. पुढे मोबाइल पाण्यात पडला, नवा आणला, तो कॉम्प्युटरवरून भरला. राग ओसरल्यावर याने फोन लावला, तर नंबर बंद. “नवा नंबर दिला आणि तोही बंद केला. तोडायचंच होतं तर सरळ सांगायचं,” एवढं मला बोलून तो दीड वर्ष गप्प बसला.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची तक्रार आली: पत्ता कधीच बदलला, पत्रं अजून जुन्या घरी जातात. मी म्हटलं, “अरे, नाव तेच आहे, पत्ता बदललाय. तुझी ओळ आत बघतच नाही.” त्याचा चेहरा उतरला. बुडालेला मोबाइल त्याने दुरुस्तीवाल्याकडून उघडून आणला आणि माझ्या टेबलाशी उभं राहून त्यातल्या ‘ताई’च्या नंबरवर फोन लावला.

उचलला भाऊजींनी. शांतपणे बोलत होते, मलाही ऐकू येत होतं.

“गेल्या महिन्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. ऑपरेशनच्या आधी तुला कळवतो म्हटलं, तर नको म्हणाली. ‘नंबर मी माझ्या हाताने घालून दिलाय, करेल तो.’ थांब, तिच्याकडे देतो. तू बोल, तिला ऐकू येतं.”

“ताई,” तो म्हणाला. मला मान वर करवेना. पलीकडे फोनवर बोटाने दोनदा टकटक झाली.

“बोलतो,” तो म्हणाला. “मी बोलतो. तू नुसतं वाजव.”