कोरडा दिसणारा कान

बारकी हल्ली मान झटकन वळवली की डगमगते, हे आईच्या मनातून काही केल्या जाईना. कालच जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला आणि वर म्हणाली, चप्पल सरकली.

बारकी म्हणजे तिची धाकटी लेक, सत्तावीस वर्षांची. कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ उजव्या कानाशी धरायची आणि नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग झिजलंय ते सांगायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नाही. डावा कान लहानपणापासून वाहतो, त्याने ऐकूही कमी येतं. साहेब ओरडायला लागले की ती तोच कान त्यांच्याकडे करते.

गेल्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्याला भोक आहे, पण कान कोरडा आहे, तेव्हा ठिगळ लावलं की भागेल, म्हणाले. आत घाण साठून हाड पोखरलं असतं, तोल जायला लागला असता, तर मोठी शस्त्रक्रिया लागली असती. कानामागून हाड उघडून साफ करायचं, ऐकू येण्याचं पुढचं पुढे. कान सारखा वाहतो का, वास येतो का, असं त्यांनी विचारलं. बारकी म्हणाली, "ते आईलाच माहीत."

आई म्हणाली, "फारसं नाही."

पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसा ती दवाखान्यात जाण्याआधी लेकीचा कान आवरायची. आठ दिवस थेंब, मग कापसाने स्वच्छ पुसणं. वाहत्या कानाची पोर नेली तर डॉक्टर आईलाच नावं ठेवतील, ही धास्ती. वीस वर्षं प्रत्येक डॉक्टरने कोरडाच कान पाहिला. यंदाही तिने थेंब घालायला लावले होते.

आज सकाळी कामावर निघताना बारकी म्हणाली, "परवा ठिगळ, दहा दिवसांत परत कामावर. तुझ्या शिवणकामापेक्षा सोपं आहे गं." आई हसली.

मग तिने धुवायला लेकीच्या उशीचा अभ्रा काढला. डावीकडे पिवळा डाग, तोच कुबट वास. हे अभ्रे इतकी वर्षं तिनेच धुतले होते, कोणाला दिसायच्या आत.

अभ्रा तिने बादलीत टाकला नाही. डॉक्टरांना तर सांगायचंच होतं, पण लेकीच्या पाठीमागे नाही. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली असेल. आधी तिलाच सांगायचं ठरवून तिने फोन उचलला.