जिजीचा उतारा

जिजीच्या तोंडून आशीर्वाद निघालेला मी कधी ऐकला नाही. नवी सून पाया पडली तरी ती म्हणायची, "ऊठ, कंबर मोडंल." कुणाचं बाळ बघायला गेली तर म्हणायची, "बापावर गेलंय. आता काय इलाज." माझी पहिली मुलगी झाली तेव्हा पदराखालून गुळाचा खडा घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्यासारखीच मुकी निघाली तर गूळ वाया गेला म्हनायचा." बहात्तरच्या त्या दुष्काळात गुळाचा खडा कुणी कुणाला देत नव्हतं.

ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वळणावरच्या घरात एकटी राहायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. माझं घर समोर. सासूबाईंच्या धाकानं आणि माझ्या स्वभावानंही मी कुणाशी बोलत नसे, म्हणून जिजीनं माझं नाव 'मुकी' ठेवलं. विस्तव आणायला गेले की विचारायची, "चौथी शिकलीस म्हनं. मास्तरनं बोलायचं शिकवलं न्हाई का?" मी हसायचे. तिला तेवढं पुरायचं.

दुष्काळी कामावर आमच्या गल्लीचा रस्ता झाला. आम्ही बायकांनीच खडी फोडली, आम्हीच मुरूम टाकला. आधी बैलगाडीसुद्धा रडतखडत जायची. रस्ता गुळगुळीत झाल्यावर ठेकेदाराचे ट्रक खाणीकडून गल्लीतून जाऊ लागले, कारण मोठा रस्ता लांबून होता. ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळायचे. जितकी गाडी पळवील तितक्या खेपा. उंबऱ्यातून पाय बाहेर टाकला की रस्ताच, आणि पोरं तिथंच खेळायची.

जिजी उंबऱ्यावर बसून आयांना ओरडायची, "पोरं बांधा गं, न्हाईतर तिरड्या बांधायची पाळी येईल." बायका कानावर हात ठेवायच्या. असं अभद्र बोलतं का कुणी, म्हणायच्या.

शेजारच्या सुंदराची शकू वळणावर ट्रकखाली सापडली. सहा वर्षांची होती. सगळ्यांत आधी जिजी धावली. तिनं अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून पोरीवर घातला आणि सुंदराला जवळ येऊ दिलं नाही. सुंदराला धरून ठेवायला दोघी लागल्या. ट्रक थांबला नाही. दिवस घातल्यावर गल्ली भेटायला गेली तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या. जिजी रडली नाही. सुंदराच्या मांडीवर चार वर्षांचा बाळू होता. त्याच्याकडे बोट करून जिजी म्हणाली, "एक गेली. आता ह्याला तरी बांध." सुंदरानं तिच्याकडे जे बघितलं ते मला आठवतं. ते बोलणं तिनं कधी माफ केलं नाही.

जिजी सरपंचाकडे गेली. तो म्हणाला, रस्ता सरकारी आहे, खडी सरकारी आहे, पोरं घरात ठेवा. तिनं त्याचा ओटाच सोडला नाही, तेव्हा त्यानं वळणावर एक पाटी लावून दिली. काय लिहिलंय ते जिजीनं मला विचारलं. 'वाहने सावकाश चालवा', असं मी वाचून दाखवलं. "लिवनाऱ्याला गाडी चालवता येत न्हाई," ती म्हणाली, "आन् चालवनाऱ्याला वाचता येत न्हाई." मग तिनं रस्त्यात धोंडे मांडले. क्लीनरनं उतरून ते तिच्याच दारात भिरकावले. एक तिच्या घोट्याला लागला. तेव्हापासून ती लंगडायची आणि पोरं तिच्यामागून लंगडत चालायची. ती पोरांना शिव्या द्यायची, पण रस्त्याच्या कडेनं लंगडा म्हणायची, मधनं नको.

मग एका अमावस्येला कुणीतरी आजारी माणसावरून उतारा ओवाळून वळणावर टाकला. लिंबू, कुंकू, भाकरीचा तुकडा, कोळसा. सकाळी भरधाव ट्रक आला आणि कचकन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, कानाला हात लावला, आणि उताऱ्यावर चाक जाऊ नये म्हणून गटाराच्या कडेनं गाडी इंच इंच पुढे नेली. जिजी उंबऱ्यावर बसून बघत होती. मी अंगण झाडत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी सडा टाकायला बाहेर आले तर जिजी रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली. पुढे रेशनच्या मिलोच्या लाल भाकरीचा तुकडा, त्यावर कुंकू, आणि सुकून गेलेलं एक लिंबू. मी बादली खाली ठेवली आणि लिंबाकडे बघितलं.

"कुनावरनं उतरवला म्हनतीस व्हय?" ती म्हणाली. "कुनावरनंच न्हाई. कालची भाकर हाय. धोंड्याला भ्यायले न्हाईत, मेलेल्या पोरीला भ्यायले न्हाईत. लिंबाला भित्यात बघ." मग उठता उठता म्हणाली, "कुठं बोललीस तर जीभ हासडीन. पर तू कशाची बोलतीस."

ट्रक थांबले. म्हणजे यायचे, पण माणूस चालतो तसे चालायचे. दुष्काळात लिंबू कुठून आणणार? ते एकच लिंबू ती संध्याकाळी उचलून घरात न्यायची आणि सकाळी परत मांडायची. भाकरीचा तुकडा कावळे न्यायचे. तो तिच्या ताटातला असायचा. गल्लीतली पोरं पुन्हा विटीदांडू खेळू लागली. आणि गल्ली तिच्याशी बोलेनाशी झाली. रोज उतारा टाकते म्हणजे घरात काहीतरी पाळलंय, असं माझ्या सासूबाईच सगळ्यांना सांगायच्या. माझा विस्तव आणणं बंद झालं.

पावसाळ्याच्या तोंडाशी टँकरचं पाणी खराब आलं. बऱ्याच पोरांना हगवण लागली. त्यात बाळूही पडला. त्याच्या आदल्या दिवशी विटी शोधताना त्याचा पाय उताऱ्यात पडला होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं. देवऋषी म्हणाला, पोरानं कुणाचं तरी ओलांडलंय.

सगळी गल्ली जिजीच्या दारात जमली. वळणावरच्या टपरीवर चहा पीत बसलेले ट्रकचे दोन ड्रायव्हरही मजा बघायला मागे येऊन उभे राहिले. सुंदरा भांडली नाही. तिनं जिजीचे पाय धरले.

"जिजी, खोटा हाय म्हन," ती म्हणाली. "नुसता भाकरतुकडा हुता म्हन. मी माघारी जाते. माझं येवढं एकच राह्यलंय."

जिजीनं खाली बघितलं. मग लोकांच्या डोक्यांवरून मागे उभ्या असलेल्या त्या दोघांकडे बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण ती जे बोलेल ते त्याच दुपारी खाणीपर्यंत पोचणार होतं.

"खरा हाय," जिजी म्हणाली. "वलांडला त्याचं काय खरं न्हाई."

सुंदरानं पायातली चप्पल काढली आणि तिच्या तोंडावर मारली. मग बाकीच्यांनीही मारलं. जिजीनं हात वर केला नाही. ड्रायव्हर केव्हाच निघून गेले होते.

बाळूला नगरला नेलं, सलाईन लावली, आणि तो बरा झाला. गल्ली म्हणाली, चपलेनं मारल्यावर तिची विद्या गेली, म्हणून पोरगं वाचलं. सलाईनचं नाव कुणी घेतलं नाही. टँकर आला की जिजीचा हंडा ओळीतून पायानं बाजूला सारायचे. ती खाणीच्या डबक्यातलं पाणी पिऊ लागली. शेवटी खर्ड्याहून तिचा भाचा आला. सरपंचानंच निरोप धाडला होता. ह्या बाईला घेऊन जा, म्हणाला, पुढं काही झालं तर आम्ही जबाबदार नाही.

ती गेली ती सकाळची वेळ होती. एक गाठोडं, एक तवा. माझ्या दारासमोर आली तेव्हा मी चौकटीत उभी होते. माझ्या पोटात शब्द गोळा झाले होते, आणि तिला ते दिसले असावेत.

"मुके," ती म्हणाली, "मुकीच ऱ्हा. तुझी आन् माझी दोघींचीबी पोरं हायेत रस्त्यावर."

वळणावर ती थांबली. टपरीवर चार-पाच ड्रायव्हर होते. तिनं पदर कमरेला खोचला, रस्त्यावरची माती मुठीत घेतली आणि तिच्या फाटक्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी चालले तरी हितनं हालत न्हाई. ह्या वळनावर जो गाडी पळवंल त्याच्या घरात दिवा लागायचा न्हाई." माती तिनं फुंकली. बायकांनी पोरांना आत ओढलं. गल्लीला वाटलं, तळतळाट आपल्याला दिला. भाचा लाजून खाली मान घालून पुढे चालत होता. ती त्याच्यामागून लंगडत एस.टी.कडे गेली. एकदाही मागे वळली नाही.

दीड वर्षानं ती खर्ड्याला गोठ्यात वारली असं कळलं. भाच्याच्या बायकोनं तिला घरात घेतलं नसेल. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, सुटलो. सुंदरानं मारुतीला नारळ फोडला.

तिच्या घराकडे बघून तीनदा थुंकायचं, असं सुंदरानं बाळूला शिकवलं होतं. शाळेला जाताना तो रस्त्याच्या मधोमध थांबायचा, पाटी बगलेत धरायचा आणि मन लावून थुंकायचा. एकदा मी दारातून बघत होते. मागून खडीनं भरलेला ट्रक आला. वळणाच्या आधीच हळू झाला आणि त्याच्या पाठीशी येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. पोराचं तिसऱ्यांदा थुंकून होईपर्यंत तो ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिला.