एकट्यानं एंटर मारायचा नाय

महाडच्या बाजारात कुणी विचारलं, "तुमचा धंदा काय?" तर मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते. त्यापुढे गेलं की समोरचा निमूटपणे भेंड्या निवडायला लागतो. कारण आम्ही दिवसभर बघतो ती टर्मिनलची काळी खिडकी. माऊस नाही, चित्र नाही. हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचा. असल्या रुक्ष कामात कसले किस्से? पण साठतात बाबा! आणि निम्म्याहून जास्त त्या खिडकीचा आकार बदलल्यामुळेच साठतात.

आम्ही तिघं. ऑफिसचा मालक नितीन, मी, आणि मोरे काका. काकांनी मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये सव्वीस वर्षं काढली आणि मग शिवथरला घरी परतले. मुंबईच्याच देसाईसाहेबांनी आपल्या सर्व्हरचं काम आम्हाला तीन महिन्यांच्या बोलीवर दिलं होतं. जमलं तर ऑफिस चालणार. नाहीतर शटर खाली, आणि नितीन आणि मी पुन्हा डोंबिवलीत खोली शोधणार. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

*

नितीन हौशी माणूस. हुकूम लिहिण्याआधी ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव येतं, ते त्याने चार रंगांत करून घेतलं. दिसायला झकास! पण लांब हुकूम लिहिला की ओळ खाली उतरायच्या ऐवजी मागे फिरून स्वतःच्याच डोक्यावर चढायची. नितीनने खिडकी लहान केली, मोठी केली, शेवटी कीबोर्ड बदलला. कीबोर्ड!

काका बशीत चहा ओतत म्हणाले, "रंगाचे कोड दिसत नाय, पण हुकूम वाचणारा प्रोग्रॅम, तो शेल, त्यांना अक्षरं म्हणून मोजतोय. बसणाऱ्यांत वाढपी पण धरलेस, तर पंगत आधीच भरणार ना रे!"

"हे मोजू नकोस" असं शेलला सांगणाऱ्या खुणा रंगांभोवती घातल्या आणि ओळ सुतासारखी सरळ झाली.

*

मग नितीनने भलामोठा मॉनिटर आणला आणि मानाने काकांच्या टेबलावर ठेवला. काका एका जुन्या मशीनवर केबल लावून काम करायचे. खिडकी पूर्ण ताणली तरी काकांची अक्षरं आपली डावीकडच्या कोपऱ्यात. त्या केबलमधून खिडकीचा आकार पलीकडे कळतच नाही, हाताने सांगावा लागतो.

"काका, एवढी जागा दिली आणि तुम्ही कोपऱ्यातच!"

"चाळीत दहा बाय बारात सात जण राहिलो रे. पसरायची सवय नाय!"

*

पुढचा माझा. याचं हसू मला जरा उशिरा आलं.

देसाईसाहेबांच्या सर्व्हरवरच्या जुन्या फायली पुसायच्या होत्या. हुकूम अर्धा लिहिला आणि मी खिडकी ओढून अरुंद केली. ओळीवर ओळ चढून सगळा काला झाला. म्हटलं, असेल बरोबर. स्वतःशीच मोठ्याने वाचला आणि एंटरवर बोट नेलं.

मागून काका म्हणाले, "थांब गो. जुन्या फायलींच्या फोल्डरचं नाव कुठं हाय?"

"त्या गुंत्यात झाकलं गेलं असेल."

स्क्रीन साफ करून ओळ पुन्हा बघितली. नाव झाकलेलं नव्हतंच, मी लिहिलंच नव्हतं! एंटर दाबला असता तर जुन्यांबरोबर नव्या फायलीही गेल्या असत्या. 

तेव्हापासून ऑफिसचा कायदा झाला. एकाने हुकूम मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने बघून "हां" म्हणायचं, मगच एंटर. काका बजावायचे, "एकट्यानं एंटर मारायचा नाय!"

*

आमचे आकड्यांचे तक्ते देसाईसाहेब तसल्याच काळ्या खिडकीत बघायचे. एकदा त्यांचा संतापून फोन. "तुमचे सगळे तक्ते मोडलेत! आत्ता नीट होते, आता मोडले. पुन्हा मोडले!"

मी विचारलं, "साहेब, खिडकीचा कोपरा माऊसने धरलाय का?"

पलीकडे माऊस टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "बोलताना माझे हात हलतात."

पण त्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "यापुढे माझ्या डोळ्यांदेखतच काम करायचं." म्हणून आम्ही एकच खिडकी सगळ्यांना दिसेल अशी सोय केली. तिची एक खोड आहे. जो सगळ्यात लहान स्क्रीनवरून जोडलेला असेल, त्याच्याएवढी ती सगळ्यांची होते. उरलेल्या जागेत नुसती टिंबं.

*

तीन महिन्यांतलं शेवटचं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे जुन्या मशीनवरचा डेटा नव्यावर नेणं. त्याच दिवशी काका रजेवर, हिरकणीवाडीला भाचीच्या साखरपुड्याला.

देसाईसाहेब जोडले गेले, फोन स्पीकरवर. नितीनने पहिला हुकूम लिहिला आणि खिडकी आक्रसून चार बोटांची झाली!

"हे काय? पोस्टकार्डावर काम करणार का?"

नितीनने खिडकी ताणली, बंद केली, पुन्हा उघडली. टिंबं हलेनात.  मला तर डोंबिवलीची खोली दिसायला लागली. मग कोण कोण जोडलंय ती यादी बघितली. नितीन, मी, साहेब आणि मोरे!

दुसऱ्या फोनवरून काकांना गाठलं, तोही स्पीकरवर. मागे सनई.

"काका, तुम्ही मोबाईलवरून आत आलाय?"

"मग? तू वाचणार, आणि 'हां' कोण म्हणणार? नितीन न वाचताच म्हणतो! आणि ती आता लिहिलेली ओळ बघ. नवं मशीन आधी आणि जुनं मागून लिहिलंय. उलटं हाय."

उलटंच होतं. कोऱ्या मशीनने भरलेलं मशीन पुसलं असतं. साहेबांनी सगळं ऐकलं. पुढचे दोन तास आम्ही त्या पोस्टकार्डावर काम केलं. मी वाचायचे, हिरकणीवाडीहून "हां" यायचं.

काम झालं. साहेबांनी "ठीक" म्हणून फोन ठेवला. चार दिवस काही कळवलं नाही. नितीन ऑफिसच्या जागामालकाला जागा सोडतो म्हणून सांगायला निघाला होता.

सोमवारी, काका अजून रजेवरच असताना, साहेब अचानक खिडकीत हजर. "वर्षभराच्या कामांची यादी पाठवलीय. पहिलं आत्ताच घेऊ."

नितीन खुर्चीत ताठ बसला. खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखीत, एक टिंब नाही. त्याने हुकूम लिहिला, मी वाचला.

"थांबा," साहेब म्हणाले. "आज स्क्रीन पूर्ण दिसतेय."

"हो साहेब!" नितीन खुशीत.

"म्हणजे काका आलेले नाहीत. बारीक झाली की सुरू करू."