भाऊजींची पत्त्यांची परीक्षा

आज सकाळी मी जपाची माळ दोनदा अर्ध्यावर सोडून उठले. भाऊजींची परीक्षा होती.

माझे धाकटे दीर अग्निशमन केंद्रात फोनवर बसायचे. आग कुठे लागली, गाडी कुठून काढायची, कोणता रस्ता टाळायचा, सगळं तेच सांगणार. पंखा पुसताना स्टुलावरून पडले, डोक्याला मार बसला, तेव्हापासून घरीच. कधी चुकत नाहीत म्हणून ऑफिसात त्यांना सगळे घड्याळ म्हणतात. पहिल्या परीक्षेत घड्याळ बंद पडलं, असं तेच हसून सांगतात. हसताना माझ्याकडे बघत नाहीत.

परीक्षा दिसायला पोरखेळ. कामावर परत घ्यायचं की नाही ते ठरवायला डॉक्टरीणबाई पत्ते जुळवायला देतात. रंग बघायचा, आकार बघायचा की संख्या, ते सांगत नाहीत. नुसतं बरोबर किंवा चूक म्हणतात. मध्येच गुपचूप नियम बदलतात आणि माणूस जुना हट्ट किती लवकर सोडतो ते मोजतात. भाऊजींनी तेव्हा रंग धरला तो धरलाच. वर वाद घातला, "आत्ता तर बरोबर म्हणालात."

मग महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात तालीम. ते डबे लावायचे, मी बरोबर-चूक म्हणायचे. एकही वस्तू जागेवर सापडेना. एकदा आमचे हे म्हणाले, "चहा खारट झालाय."

"दादा, नियम बदललाय," भाऊजी म्हणाले.

आज मला आत बसू दिलं नाही. बाहेर बाकावर होते. आतून "चूक." पुन्हा "चूक." बसवेना, येरझाऱ्या घालायला लागले. मग भाऊजींचा आवाज, "थांबा जरा." देवाचं नाव अर्धवट सोडून मी दाराला कान लावला. मग "बरोबर."

चूक नंतरही आलं, पण लागोपाठ नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरीच सुधारणा आहे. पण फोनवर एवढ्यात नको. आधी ड्यूटीवरच्या माणसाशेजारी बसून नुसतं ऐका."

"उचलायचा नाही?"

"नाही."

आता वाद घालणार, म्हणून मी त्यांची बाही धरली. ते म्हणाले, "शेजारची खुर्ची डगमगते. तेवढी दुरुस्त करून घेतो."

संध्याकाळी घरातला फोन वाजला. आम्ही दोघंही उठलो. ते मध्येच थांबले. "वहिनी, तुम्ही घ्या."

गॅसवाल्याचा होता. माझं बोलणं संपेपर्यंत ते तिथेच उभे होते, हात अर्धा पुढे करून.