पडणाऱ्या फळ्या

मैदानात पाऊल ठेवलं की अण्णा आधी माणसांकडे बघायचे नाहीत, फळ्यांकडे बघायचे. चार फळ्या, गुडघ्याएवढ्या उंच, विटांच्या खाचेत नुसत्या टेकवलेल्या. प्रत्येक फळीला ते बुटाच्या टोकाने हलकेच ढकलायचे. फळी धप्पकन आडवी व्हायची. मग स्वतःच वाकून ती पुन्हा उभी करायचे आणि म्हणायचे, "फळी पडली पाहिजे. मग माणूस पडत नाही."

तुमच्यापैकी जे आमच्या क्लबात रविवारी सकाळी व्हाइटफील्डमागच्या त्या तळ्याकाठी आले असतील, त्यांनी हे पाहिलं असेल. बाकीच्यांना सांगतो. सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू, निसरडा उतार आणि मध्येच अशा फळ्या. फळी जवळ आली की धावत्या सायकलीवरून उतरायचं, सायकल हाताने उचलायची, फळ्यांवरून पळत जायचं आणि पलीकडे पुन्हा टांग मारायची. हे सगळं न थांबता. आमच्यात नऊ वर्षांची मुलं होती, आयटीतले दमलेले बाप होते आणि साठीला टेकलेल्या एक दंतवैद्य बाईही होत्या. सगळ्यांना अण्णा एकच गोष्ट शिकवायचे: उतरणं.

"चढायला कोणीही शिकतं," ते म्हणायचे. "उतरायची लाज कसली?"

अण्णा राजाजीनगरचे. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपासून बेंगळुरूत होतं, की 'मूळ गाव कुठलं?' असं विचारलं की ते पायाखालची जमीन दाखवायचे. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली होती, की कुठली संपते नि कुठली सुरू होते ते कळायचं नाही. अख्खं शहर ओलांडून सायकलवरच यायचे, सत्तरी जवळ आली तरी. मी पुण्याहून इथे येऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी कालच स्टेशनवर उतरलो होतो.

"काय हो पुणेकर, टायर दगड झालाय तुमचा! स्वल्प हवा सोडा."

"अण्णा, पंक्चर होईल."

"होऊ दे. चिखलाला मऊ माणूस आवडतो."

मग स्वतःच अंगठ्याने टायर दाबून फुस्स करून हवा सोडायचे. खरं सांगू, मी घरून थोडी जास्त हवा भरूनच न्यायचो. ते सोडतील म्हणून.

दंतवैद्य बाई बेळगावकडच्या. धावत्या सायकलीवरून उतरायचं म्हटलं की ब्रेक करकचून दाबून उभ्या राहायच्या. "अण्णा, मी दुसऱ्यांचे दात पाडते हो. स्वतःचे पाडायला नाही आले."

"बाई, पेशंटला काय सांगता? तोंड उघडा, भिऊ नका. तेच आता पायाला सांगा."

मैदानाची मांडामांड माझ्याकडे होती. शनिवारी संध्याकाळी जाऊन पट्ट्या बांधायच्या, वाळू पसरायची, फळ्या लावायच्या. आणि इथून पुढचं मी आजवर लिहिलेलं नाही.

त्या आठवड्यात दुसऱ्या एका क्लबची मंडळी बघायला येणार होती. मला सगळं नेटकं हवं होतं. तळ्यावरून वारा सुटला होता, फळ्या राहून राहून पडत होत्या. आधीच्या रविवारी तर मुलांनी पाडलेल्या फळ्या उचलून उचलून माझी कंबर धरली होती. माझ्या गाडीत तंबूच्या लोखंडी खुंट्या पडलेल्या होत्या. मी प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना एकेक खुंटी ठोकली आणि तारेने आवळली. लाथ मारून पाहिली. हलली नाही. मला बरं वाटलं.

रविवारी अण्णांना नेमका उशीर झाला. मेट्रोच्या कामासाठी रस्ता अडवला होता. ते घामाघूम होऊन पोहोचले तेव्हा पाहुणे येऊन बसले होते, मुलं रांगेत उभी होती. त्यांनी लांबूनच मला विचारलं,

"पुणेकर, फळ्या बघितल्या?"

मी म्हणालो, "हो अण्णा."

एवढंच. पाहुण्यांसमोर बोलणी खायची नव्हती. मनात म्हटलं, पहिली फेरी झाली की गुपचूप तारा काढू.

पण पहिली फेरी त्यांनीच केली. बाई घाबरून मागे उभ्या होत्या, म्हणून. "बघा हं बाई, किती सोपं," असं म्हणत ते वेगात आले, सुरेख उतरले, सायकल उचलली. पहिली फळी, दुसरी. तिसऱ्या फळीला त्यांचा मागचा पाय जरासा घासला. एरवी फळी पडली असती, ते हसले असते. फळी पडली नाही. ते पडले, कुशीवर, आणि सायकल त्यांच्या अंगावर.

सगळे त्यांच्याकडे धावले. मी फळ्यांकडे धावलो. तारा सोडवल्या, आठही खुंट्या उपटल्या, बॅगेत टाकल्या. कोणीच पाहिलं नाही. मग मी अण्णांजवळ गेलो आणि त्यांचा हात धरला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दर पंधरा दिवसांनी मी राजाजीनगरला जायचो. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्टीलच्या पेल्यात कॉफी द्यायच्या. अण्णा आपल्या पायाकडे बघत म्हणायचे, "चाळीस वर्षं उचलत आलो. त्या दिवशी उचललाच नाही हो. वय झालं, आणि मला कळलंच नाही." बाई भेटायला यायच्या आणि डोळे पुसायच्या. "माझ्यामुळे पडले." मी कॉफी प्यायचो.

असं जवळजवळ वर्ष गेलं. एक दिवस दार उघडताना अक्का हळूच म्हणाल्या, "बघा की, रोज सकाळी हेच चाललंय." आतल्या खोलीत अण्णांनी जमिनीवर दोन पाट ठेवले होते, एकावर एक. भिंत धरून ते त्यावरून पाय पलीकडे नेत होते. उचलायचे, थांबायचे, पायाला चिडून म्हणायचे, "उचल! उचल की!"

पुढच्या खेपेला मी आठही खुंट्या नेल्या. टीपॉयवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. हो म्हणालो तेही, बॅगेत लपवल्या तेही.

अण्णांनी एक खुंटी उचलून बघितली आणि परत ठेवली. मग वाकून त्यांनी तो पाय कुरवाळला, विनाकारण मार दिलेल्या पोराला कुरवाळावं तसा. मला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"वर्षभर मी याला शिव्या घातल्या. आणि तू इथे बसून कॉफी प्यायचास?"

अक्का बाहेर आल्या. "काय झालं?"

"काही नाही. पुणेकर निघालेत."

तीन रविवारांनी मैदानाशी रिक्षा थांबली. अण्णा काठी टेकत उतरले. माझ्याकडे बघितलं नाही. काठीच्या टोकाने त्यांनी एकेक फळी ढकलली. चारही पडल्या. मग ते खुर्चीत बसले. बाई लगबगीने जवळ गेल्या. "अण्णा, माझ्यासाठी म्हणून तुम्ही त्या दिवशी…"

त्यांनी बाईंना हाताने थांबवलं आणि तेव्हा माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मुलांसमोरसुद्धा. आधी मराठीत, मग माझ्या मोडक्या कानडीत. एका बापाने आपल्या मुलीचा हात धरून तिला माझ्यापासून जरा मागे ओढलं.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "आता फळ्या उभ्या करा. बाईंना उतरायला शिकवायचं राहिलंय."

त्या दिवशी बाई न थांबता उतरल्या. अण्णांनी काठी जमिनीवर आपटून शाबासकी दिली. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. थंडी संपायच्या आत गेले. मला त्यांनी माफ केलं का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बाई माझ्याशी दोन महिने बोलत नव्हत्या. आता एवढंच बोलतात. दर रविवारी, हेल्मेटचा पट्टा लावता लावता, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "फळ्या बघितल्या?"

आधी बघितलेल्या असतात. तरी मी हो म्हणत नाही. त्यांच्यासमोर जातो आणि बुटाच्या टोकाने चारही पुन्हा पाडून दाखवतो.