कोल्हापुरातलं हैदराबाद

कोल्हापूरहून हैदराबादला जाणारं विमान कंपनीनं ऐनवेळी दुसरीकडं वळवलं आणि आम्हा प्रवाशांना दुसऱ्या दिवसापर्यंत शाहूपुरीतल्या एका साध्या लॉजवर उतरवलं. माझ्या खोलीत आलेला गडी पुढं दुबईला कामाला निघाला होता. आडदांड माणूस, पण बॅग मांडीवरच घेऊन अवघडून बसलेला.

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला जुनी खोड. फोन वाजला की हा भर उन्हाळ्यात आधी उठून खिडकी घट्ट लावायचा, मग हळू आवाजात बोलायचा, "व्हय, पोचलो. जेवलो की." बोलणं संपलं की खिडकी परत उघडायचा.

शेवटी विचारलंच, "गाव कुठलं तुमचं?"

"कोडोली."

"मग जवळच की. रात्रीपुरतं घरी जायचं, इथं कशाला उकडून घेताय?"

तो तळहाताकडं बघत राहिला. "सकाळी आईनं हातावर दही घातलं, पावणं. स्टँडपतोर आली. रडून रडून आत्ता कुठं गप झालीया. आता परत गेलो, तर उद्या तिला पयल्यापासनं रडायला लागंल. हैद्राबादच्या हाटेलात हाय म्हणून सांगितलंय."

खाली भाजीवाली ओरडत होती, "घ्या की वैनी, कवळी मेथी हाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठायच्या आत मी खिडकी लावली.