विजयमालाबाईंनी काढलेली नकल

सौंसरच्या विजयमालाबाई चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नसतील तर मार्क द्यायचे नाहीत, हा त्यांचा नेम. बाजारातही तेच. भाजीवाल्यानं 'ताजी आहे' म्हटलं की त्या 'कधी तोडली' म्हणून विचारत, आणि तो 'सकाळी' म्हणाला की 'किती वाजता' म्हणून विचारत. पोस्टातून रिटायर झालेले त्यांचे यजमान गजेंद्र हे सगळं पिशवी धरून निमूट ऐकत.

एवढ्या चिकित्सक बाईनं एका गोष्टीच्या पायऱ्या मात्र अडतीस वर्षं विचारल्या नव्हत्या. ती म्हणजे वडिलांची वसीयत, त्यांचं मृत्युपत्र.

माहेर पांढुर्ण्याचं. वडिलांचं नावच दादाजी. ते शहाऐंशी साली गेले. मागे रस्त्यावरचं घर आणि तिगावच्या वाटेवरचा संत्र्याचा बगीचा ठेवून गेले, आणि दोन्ही यशवंतरावांच्या, म्हणजे विजयमालाबाईंच्या थोरल्या भावाच्या, ताब्यात आले. कोणी काही विचारलं की यशवंतराव एकच सांगत, "बाबांच्या वसीयतीत लिहून आहे. कोर्टानं पास केली."

ही वसीयत काकडीच्या वेलासारखी दरवर्षी वाढत गेली. पहिल्या साली तिच्यात फक्त घर आणि बगीचा होता. पुढं शेजाऱ्याला विहिरीचं पाणी द्यायचं नाही हे निघालं. पोळ्याला बैलांचा कासरा यशवंतरावांनीच धरायचा, हेही निघालं. आईला बहिणीबरोबर तीर्थाला जायचं होतं, तर वसीयत त्याच्या विरुद्ध निघाली. घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याच्या समोरच्या खुर्चीवर कोणी बसायचं हेसुद्धा बाबांनी लिहून ठेवलेलं होतं, आणि टीव्ही यायच्या सहा वर्षं आधी बाबा वारले होते, याचा हिशेब गणिताच्या बाईंनीही केला नाही. माहेरी आलेल्या लेकीनं असले हिशेब करायचे नसतात, असं त्यांना वाटे. आईनंही कधी काही विचारलं नाही, आणि ती तशीच गेली.

मग अश्विनी आली. ही यशवंतरावांच्या मुलाची, अभिजीतची, बायको. नागपूरला पार्लरचा कोर्स केलेली. घराच्या समोरच्या खोलीत खताची रिकामी पोती आणि मोडका फवारणीचा पंप पडून होता. ती खोली साफ करून पार्लर टाकते, म्हणून तिनं सासऱ्यांना विचारलं. समोरची खोली बायकांनी वापरायची नाही, असं बाबांनी वसीयतीत स्पष्ट लिहिलं आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. सासूबाई रजनी तिथंच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अश्विनी भांडली नाही. पुढच्या रविवारी सौंसरला आली, चहा घेतला आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही वाचली का हो ती वसीयत?"

विजयमालाबाईंनी ती कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं 'पायऱ्या कुठे?' लिहिणाऱ्या बाईला एका सुनेनं नापास केलं होतं. त्या दुपारी त्यांना जेवण गोड लागलं नाही.

त्यांनी भावाला फोन लावला. कागद कुठं आहे? कोर्टात. कोणत्या? कोर्ट म्हणजे कोर्ट. कोणत्या साली? बाबा गेले त्याच्या पुढच्या. केसचा नंबर? यशवंतराव तापले. वकिलाला माहीत होता, आणि वकील वारले. बाईंनी वहीत लिहून घेतलं, साल सत्त्याऐंशी, बाकी काही माहीत नाही.

पांढुर्ण्याच्या कोर्टात चौकशी केली. पांढुर्णा आता जिल्हा झाला असला तरी तुमचं प्रकरण त्या काळी छिंदवाड्याला दाखल झालं असणार, फाईल तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये पाहा, असं सांगण्यात आलं. बाईंनी डबा भरला, गजेंद्रांना बरोबर घेतलं आणि सकाळची बस पकडली.

नकलेच्या, म्हणजे जुन्या कागदांची सही-शिक्क्याची प्रत मिळते त्या, खिडकीवर रांग होती. पुढचा माणूस चांगला मिशीवाला. आजोबांच्या जमिनीची फाईल पाहिजे म्हणाला. आतल्या बाईनं आजोबांचं पूर्ण नाव विचारलं, तर तो फोन करून येतो म्हणून बाहेर गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या मागच्याला साल माहीत नव्हतं, पण फाईल जाड होती आणि तिला हिरवा दोरा होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. जमिनीसाठी डोकी फोडणाऱ्या लोकांना जमिनीचा कागद ओळखता येत नाही, हे पाहून बाईंना आधी हसू आलं. मग आपणही त्याच रांगेत उभ्या आहोत हे आठवलं.

खिडकीतल्या बाईचं नाव चंचल, पण स्वभाव अगदी त्याच्या उलट, शांत. तिनं हिंदीत मयताचं नाव विचारलं.

"दादाजी," बाई म्हणाल्या.

चंचल समजुतीनं म्हणाली, आजोबा असतील, पण नाव सांगा.

"आजोबा नाही जी, वडील. नावच दादाजी आहे."

हा घोळ निस्तरायला गजेंद्रांना पुढं व्हावं लागलं. त्यांनी पोस्टातल्या सवयीनं नाव सुटं सुटं करून सांगितलं. मग चंचलनं सगळी रीत समजावली. नंबर नसला तरी अडत नाही. अर्जदाराचं नाव, मयताचं नाव आणि साल एवढं द्या, आणि आधी शोधाचा अर्ज लावा. वर्षाच्या रजिस्टरात नोंद सापडली की नंबर मिळेल, मग नकलेचा अर्ज. त्यासोबत तुम्ही मयताच्या कोण, हे शपथपत्रावर लिहून द्या. बाईंनी प्रत्येक पायरी क्रमांक घालून वहीत उतरवली. चंचलनं ती वही पाहिली आणि सगळ्यांनी असं लिहून घेतलं तर माझं अर्धं काम कमी होईल, असं म्हणाली. कोर्टात येऊन शाबासकी मिळेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला नकल हातात पडली. फाईल पातळ होती. यशवंतरावांनी वसीयत मंजूर व्हावी म्हणून अर्ज दिला होता, हे खरं. पहिल्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, ते हजर होते. पुढच्या तिन्ही पेश्यांना अर्जदार गैरहजर, आणि चौथ्या पानावर प्रकरण खारीज, म्हणजे काढून टाकलेलं. वसीयत पास झाली नव्हती. नापासही झाली नव्हती. तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

शेवटी वसीयतीचं पान होतं, बाबांच्या मोडक्या मराठी अक्षरातलं. बाई कोर्टाच्या आवारात बाकावर बसून वाचत राहिल्या. घर आणि बगीचा बायकोच्या हयातीत बायकोचा, तिच्या मागं दोन्ही लेकरांचा निमा निमा. हे सगळं चार ओळींत आटोपलं होतं. पुढच्या अकरा ओळी चांदी नावाच्या गाईबद्दल होत्या. तिला सरकीची ढेप किती द्यावी, पावसात कुठं बांधावी, आणि दूध देवो ना देवो, तिला विकू नये. चांदीला बाबांच्या तेराव्यानंतर आठ दिवसांत यशवंतरावांनी विकलं होतं. बाईंना ती गाय आठवली आणि डोळ्याला पदर लावावा लागला. गजेंद्र पाणी घेऊन आले आणि बाजूला बसले.

पांढुर्ण्याला त्यांनी सगळ्यांसमोर कागद ठेवला. यशवंतरावांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं, म्हणून बाईंनीच वाचून दाखवलं, वर्गात वाचत तसं, स्वल्पविरामासह. गाईच्या ओळी आल्या तेव्हा यशवंतराव खाली पाहू लागले.

"तू कधी वाचलीच नाही का, भाऊ?"

"वकील म्हणाला, सगळं तुझंच आहे," यशवंतराव म्हणाले. "बहाराचे दिवस होते. पेशीवर जाऊन काय करू?"

ते खोटं बोलत नव्हते. अडतीस वर्षं ते एका न वाचलेल्या कागदाच्या जोरावर राज्य करत आले होते, आणि त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता.

घरच्यांना वाटलं, आता विजयमालाबाई मोठ्या मनानं 'मले काही नको' म्हणतील. शेजारच्या दोन बायकांनी तर त्यांच्या त्यागाचं आधीच कौतुक करून टाकलं. बाईंनी सांगितलं की निमं म्हणजे निमं, आणि पुढच्याच आठवड्यात घराच्या आणि बगीच्याच्या कागदांवर आपलं नाव चढवण्याचा अर्ज दिला. समोरची खोली आपल्या हिश्शातली समजा म्हणाल्या, आणि तिची किल्ली अश्विनीला दिली. पोती निघाली, आरसे लागले. यशवंतरावांनी बहिणीशी बोलणं सोडलं.

दोन महिने गेले. एक दिवस यशवंतराव रजनीवहिनींना घेऊन सौंसरला हजर. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"विजू, रजनीचे बाबा वारले, त्यांचा मोहगावला बगीचा आहे. तिचे भाऊ म्हणतात, वसीयत आहे, कोर्टानं पास केली. मले तर शंका येऊन राहिली. लेकीचा हिस्सा असते ना? ती नकल कशी काढतात, सांग बरं."

विजयमालाबाईंनी हसू आवरलं. वही आणली, पायऱ्या वाचून दाखवल्या. यशवंतराव खिशातून पेन काढून अर्ज लिहायला सरसावले. बाईंनी कागद त्यांच्या हाताखालून ओढून रजनीवहिनींपुढं ठेवला. अर्ज मयताच्या मुलीचा लागतो, आणि जे निघेल ते तिचं, हे त्यांनी भावाला समजावलं.

हे यशवंतरावांनी हिशेबात धरलं नव्हतं. ते म्हणाले, मग एवढी घाई नाही, बहार उतरल्यावर पाहू.

रजनीवहिनींनी तोवर अर्जावर वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. साल लिहिलं, गाव लिहिलं, खाली सही केली. मग नणंदेला विचारलं, "छिंदवाड्याची सकाळची बस किती वाजता आहे?"